मापाचा पट्टा

सिद्धलिंगप्पांची फियाट अठ्ठावन्न सालची. तिच्या पुढच्या सीटवर बसण्याचा मान अक्कम्माला लग्नानंतर वीसेक वर्षांनी मिळाला. तोवर तिथं सासूबाई बसत. सासूबाईंना गाडी लागायची म्हणून त्या पुढं बसत, आणि मागं बसलेल्या सुनेला गाडी लागत नाही हेही त्यांनीच ठरवलेलं होतं. मग सासूबाई वारल्या. महिन्याभरानं अक्कम्मा एका सकाळी काही न बोलता पुढचं दार उघडून आत बसली, पदर नीट केला आणि कन्नडातल्या 'अहो'नं म्हणाली, "चला री." सिद्धलिंगप्पांनी गिअर टाकला. इतकं शांत सत्तांतर सोलापूरच्या शुक्रवार पेठेनं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

गेल्या पावसाळ्यात अक्कम्माची डावी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली. डॉक्टरांना याचं नवल वाटलं, घरात कोणाला वाटलं नाही. सिद्धलिंगप्पा जन्मभर सुताचे व्यापारी, धागा बोटांत फिरवून त्याचा काउंट, म्हणजे जाडी-बारीकी, सांगणारा माणूस. आता ते तिचा डावा हात रोज तसाच बोटांत घेऊन बसत आणि काहीच सांगता येत नसे.

तिचं माहेर कडबहळ्ळीचं. अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं माणसं मराठीत भाव करतात आणि कन्नडमध्ये भांडतात, तिथलं. थोरला भाऊ शिवपुत्र दर नागपंचमीला तिला न्यायला सोलापूरला यायचा. केस पांढरे झाले तरी यायचा, बहीण आजी झाली तरी यायचा. यंदा तो खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडला होता, आणि पंचमी दोन अंथरुणांच्या मधून कोरडी निघून गेली. दिवाळीनंतर त्याच्या मुलाचा, नंदीशचा फोन आला. अण्णांनी जेवण टाकत आणलंय, आणि आल्यागेल्याला एकच विचारतात, तंगी आली का. तंगी म्हणजे धाकटी बहीण. सत्तरीला टेकली तरी ती धाकटीच.

अक्कम्मानं फोन ऐकला आणि म्हणाली, "मला अण्णाकडं न्या."

लग्नाच्या पन्नास वर्षांत तिनं नवऱ्याकडं असं काही मागितलं नव्हतं. जे हवं ते ती करून टाकायची आणि मग सांगायची. त्यामुळं सिद्धलिंगप्पा घाबरले.

पुण्याहून लेकीनं, श्रीदेवीनं, फोनवर तोडगा काढला. पुण्यात राहणाऱ्या माणसांकडं तोडगे तयार असतात. ॲम्ब्युलन्स करा, आई आरामात आडवी जाईल, नर्सही मिळते. अक्कम्मानं एवढंच विचारलं, की माहेरी लेक आडवी गेलेली तू कुठं बघितलीस? मग श्रीदेवी म्हणाली, माझी मोठी गाडी पाठवते, मागच्या सीटवर उशा लावू. मागच्या सीटबद्दल अक्कम्माचं मत घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो विषय तिथंच संपला.

मग फियाटच उरली, म्हणून एका सकाळी रंगीत तालीम झाली. त्या काळच्या फियाटचं पुढचं दार उलटं उघडतं, बिजागरी मागं असते, त्यामुळं तिला उचलून बसवणं सोपं गेलं. पेठेच्या तोंडाशी एक शेळी आडवी आली, सिद्धलिंगप्पांनी ब्रेक दाबला, आणि अक्कम्मा पोतं कलंडावं तशी पुढं गेली. कपाळावर टेंगूळ आलं. शेळीला काही झालं नाही. अक्कम्मा म्हणाली, मलाही काही झालं नाही, चला. पण सिद्धलिंगप्पा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले. मागं रिक्षावाले हॉर्न वाजवून त्यांची विचारपूस करत होते.

घरी आल्यावर ते म्हणाले, पट्टा बसवावा लागेल.

"मला बांधू नका," अक्कम्मा म्हणाली.

त्यांच्यात, लिंगायतांत, माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, फुलांनी सजवून बसलेलंच नेतात, आणि जीव नसलेलं अंग बसायला तयार नसतं म्हणून छातीवरून, कमरेवरून धोतराची पट्टी घेऊन मागच्या फळीला बांधतात. अक्कम्मानं आईला तसं बांधलेलं पाहिलं होतं, वडलांना पाहिलं होतं. सासूबाईंची सैल झालेली गाठ तर तिनं स्वतः आवळली होती, आणि चांगली आवळली होती. बसलेल्या माणसाच्या छातीवरून पट्टा आला की पुढचं काम तिच्या लेखी एकच उरायचं. सरकारनं मध्यंतरी पट्ट्याची सक्ती केली होती, पण अठ्ठावन्न सालच्या गाडीला पट्टे नसतातच, त्यामुळं सरकारचा आणि अक्कम्माचा सामना टळला होता.

"अण्णानं मला तसं बघायला नको," एवढं बोलून तिनं भिंतीकडं तोंड केलं.

सिद्धलिंगप्पांनी मग ठरवलं, की पट्टा असा करायचा की तो बांधायचा पट्टा वाटताच कामा नये. गाडीबरोबरच आलेला, इतकी वर्षं सीटच्या पोटात पडून राहिलेला वाटला पाहिजे. दाराच्या मुठीसारखा, आरशासारखा गाडीचाच एक अवयव. नवा माल जुना म्हणून खपवणं हे वाईटच. पण प्रत्येक व्यापाऱ्याला ते आयुष्यात एकदा करून बघावंसं वाटतं, आणि सिद्धलिंगप्पा नेमके निवृत्त होईपर्यंत प्रामाणिक राहिले होते.

गाडीचा मिस्त्री सोमेश. हा अर्धा मिस्त्री आणि अर्धा वक्ता. त्यानं मोबाईलवर परदेशातल्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ दाखवले. तिकडं जुन्या गाड्यांना जुन्या धाटणीचे पट्टे बसवून देणारी दुकानंच आहेत म्हणे. "पण तिकडून माल यायला दोन-तीन महिने जातील, काका," तो म्हणाला, "आणि काकूंचं तर..." एवढं बोलून त्याला गाडीखाली काहीतरी तपासायचं आठवलं, आणि तो बराच वेळ तिथून बाहेर आला नाही.

तेव्हा सगळं सोलापुरातच करायचं ठरलं. पट्ट्याच्या पोटात घालायला मोडीत निघालेल्या एका नव्या गाडीचा नायलॉनचा पट्टा घेतला. त्यावर सुती खोळ विणायला नरसय्याला सांगितलं. नरसय्या जन्मभर चादरी विणत आलेला आणि सिद्धलिंगप्पांकडून सूत नेत आलेला. कशासाठी, म्हणून त्यानं विचारलं. बायकोसाठी, म्हटल्यावर पुढं काही विचारलं नाही. पण सीटच्या रंगाची खोळ विणताना न सांगता दोन्ही कडांना इरकलीची किनार घातली, अक्कम्मा नेसते तशी. बक्कल भंगारात मिळालं, लष्कराच्या कुठल्याशा सामानातलं, निकेलचं, वरचं झाकण उचललं की सुटणारं. ते हातात धरून सिद्धलिंगप्पा पोरासारखे खट्याक-खट्याक करत बसले.

अडलं ते पट्टा लांब-आखूड करायच्या कडीपाशी. जुन्या धाटणीची कडी मिळेना, आणि नवी लावली तर सोंग उघडं पडणार. मग सिद्धलिंगप्पांनी अक्कम्मा दुपारची झोपली असताना सुतानं तिचं माप घेतलं आणि पट्टा मापाचाच शिवला, पोलकं शिवावं तसा. छातीवर ती इष्टलिंगाची चांदीची करडगी, म्हणजे डबी, घालायची, तिथं टोचू नये म्हणून आतून कापसाची गादी दिली. खालचे नट दिसू नयेत म्हणून सोमेशनं ते वेल्डिंग करून बुजवून टाकले. ड्रायव्हरच्या बाजूलाही तसाच पट्टा बसवला, कारण एकाच बाजूला असता तर संशय आला असता.

"आता सुटायचं म्हटलं तर बक्कल हीच एक वाट," सोमेश अभिमानानं म्हणाला. सिद्धलिंगप्पांनी त्याला शाबासकी दिली.

अक्कम्माला उचलून सीटवर बसवलं, आणि सिद्धलिंगप्पांनी पाठ केलेलं भाषण म्हटलं. सोमेशनं सीट काढून साफ केली, तर खाली हे निघालं. गाडीबरोबरच आलं असणार. वडलांनी आत खोचून ठेवलं असणार, त्यांना सवयच होती. अक्कम्मानं उजव्या हातानं पट्टा उचलला आणि अंगठ्यानं किनार चाचपत राहिली.

"कंपनी इरकल नेसत होती काय," ती म्हणाली.

सिद्धलिंगप्पांनी खोटं बोलायची सवय वेळेवर लावून घ्यायला हवी होती.

तिनं मान वळवून त्यांच्या बाजूला पाहिलं. "तुमच्यात बी हाय?"

"हाय."

"मग तुमी आधी बांधा."

त्यांनी बांधला. बक्कल वाजलं. पट्ट्यात बसलेल्या नवऱ्याकडं तिनं जरा वेळ निरखून पाहिलं, घरात नवी चादर आणल्यावर उजेडात धरून बघायची तसं.

"दोघांना एकदम कोण नेत न्हाई," तिनं निकाल दिला आणि पदर बाजूला सारला. "बांधा."

सोमवारी सकाळी ते निघाले. वळसंग गेलं, अक्कलकोट गेलं. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडली होती. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच अक्कम्मा सरळ बसलेली दिसत होती, आणि सरळ बसल्यावर तिला रस्त्यातल्या सगळ्या चुका दिसू लागल्या. तो ट्रॅक्टर तुमाला दिसला का, हॉर्न कुणासाठी ठेवलाय, उसाच्या गाडीला एवढं खेटू नका. सिद्धलिंगप्पा सगळं ऐकत होते. इतक्या सुखानं त्यांनी बोलणी कधी खाल्ली नव्हती. संध्याकाळी परत निघायचं, दिवेलागणीला घरी पोचायचं, आणि दर महिन्याला असं एकदा यायचं, असा त्यांनी मनाशी बेत करून टाकला. पट्ट्याचं काम पक्कं होतं. दहा वर्षं मरण नव्हतं त्याला.

कडबहळ्ळीत गाडी थेट दारात गेली. नंदीशची बायको सिद्धेश्वरी भाकरतुकडा घेऊन बाहेर आली, तिनं अक्कम्माआत्तीवरून तो ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, आणि मग तिच्या डोक्यात एक शंका आली. लेकीची ओटी भरतात ती निघताना. पण आत नेल्यावर आत्ती खाटेवर आडवी होणार, आणि आडव्या बाईची ओटी काही भरत नाहीत. संध्याकाळी पुन्हा घाई होणार. त्यापेक्षा आत्ता अशी छान बसलीय, तोवर गाडीतच भरून घेऊ. शेजारच्या दोघी बायकांनी मान डोलावली. यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं.

सुपातून तांदूळ आले, खण आला, नारळ, हळकुंड, सुपारी आली. ओटी घ्यायला दोन हातांनी पदर धरावा लागतो. अक्कम्मानं एकानं धरला. दुसरं टोक मांडीवरून खाली घसरलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"घाल गं, हात आखडू नको," ती म्हणाली. "लेक कवा आली व्हती शेवटची?"

सिद्धेश्वरीनं हात आखडला नाही. पाच ओंजळी तांदूळ पडले, निम्मे पदरात आणि निम्मे पदराखाली. मांडीवर, कमरेशी, बरोबर त्या निकेलच्या बक्कलाच्या तोंडात.

मग आत न्यायची वेळ आली. सिद्धलिंगप्पांनी ऐटीत झाकण उचललं. ते अर्धं उठलं आणि अडलं. पुन्हा उचललं, पुन्हा अडलं. आत खिळीपाशी तांदूळ दाटून बसले होते.

घटकाभरात कडबहळ्ळीतलं सगळं यंत्रज्ञान फियाटभोवती जमलं. एकानं ट्रॅक्टरचा स्क्रू-ड्रायव्हर आणला, एकानं दाभण. एक म्हणाला फुंका, दुसरा म्हणाला तेल सोडा. तेल सोडलं, तर तांदूळ आणखी घट्ट बसले. अंग आवळून वरून सरकवून काढावं म्हटलं, तर पट्टा मापाचा. नट खोलावे म्हणून नंदीश पाना घेऊन खाली वाकला आणि बराच वेळ हातानं नट शोधत राहिला. "मामा," तो आत्तीच्या नवऱ्याला म्हणाला, "ह्याला नटच न्हाईत की." सिद्धलिंगप्पांना सोमेशला दिलेली शाबासकी आठवली.

तेवढ्यात आतून आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "तंगी बंदळेनु?" आली का धाकटी?

"बंदे, अण्णा," अक्कम्मा म्हणाली. आले.

तिचा आवाज उंबऱ्यापर्यंत पोचला असेल. शिवपुत्रला कमी ऐकू यायचं. तो पुन्हा म्हणाला, "तंगी बंदळेनु?" नंदीश आत जाऊन मोठ्यानं सांगून आला, की आलीय, दारात आहे, गाडीत आहे. मग आत का येत नाही, असं म्हाताऱ्यानं विचारलं. रुसली का? पंचमीला न्यायला आलो नाही म्हणून? नंदीशनं हे बाहेर येऊन जसंच्या तसं सांगितलं. तिघांनी मिळून त्याची खाट उचलून बाहेर आणायला घेतली, तर खुब्यातल्या कळेनं तो असा ओरडला की खाट होती तिथं ठेवावी लागली. त्यानंतर त्यानं विचारणं थांबवलं.

त्या शांततेत अक्कम्माचा चेहरा पाहिला आणि सिद्धलिंगप्पा म्हणाले, "विळा आणा."

नंदीशनं पट्ट्यावरून हात फिरवला. एवढं देखणं काम, मामा, अजून थोडं बघू की, असं तो म्हणाला. पण सिद्धलिंगप्पांनी विळा त्याच्या हातातून घेतला, डाव्या हातानं पट्टा तिच्या अंगापासून ओढून धरला आणि कापायला लागले. नरसय्याचं सूत लगेच तुटलं, किनारही तुटली. आतल्या नायलॉननं मात्र दम काढला. माणसाचा जीव वाचवायची वस्तू होती ती. तिचं काम ती करत राहिली. शेवटी तीही तुटली, आणि अक्कम्मा त्यांच्या खांद्यावर कलंडली.

आत तिला भावाच्या खाटेला लागून दुसऱ्या खाटेवर ठेवलं. रडारड होईल म्हणून बायका पदर सावरून तयार होत्या, पण तसं काही झालं नाही. शिवपुत्रनं तिला विचारलं, न्याहारी काय केलीस. तिनं विचारलं, तू का जेवत नाहीस. मग तिनं दुधात भाकरी कुस्करून मागितली आणि उजव्या हातानं त्याला भरवायला लागली. चार दिवस तोंड मिटून बसलेला म्हातारा वाटी संपेपर्यंत जेवला. मधेच एकदा त्यानं तिच्या डाव्या हाताला हात लावला आणि म्हणाला, हा गार का गं? ती म्हणाली, असू दे, उजवा ऊन आहे. दुपारी दोघं एकमेकांकडं तोंड करून झोपली. सिद्धलिंगप्पा खांबाला टेकून बघत बसले. ते या घरचे जावई होते, आणि या वेळी खोलीत जावयाचं काही काम नव्हतं.

उन्हं उतरली तशी त्यांना परतीची काळजी लागली. पट्टा तर तुटला. दोरीनं बांधता येणार नाही, तसं मनात आणणंही बरं नाही. नंदीशला मागच्या सीटवर बसवून त्यानं तिचे खांदे धरून ठेवले तर? गाडी अगदी हळू नेली तर? ते हे सगळं तिला खाटेशी वाकून समजावत होते. ती ऐकत होती.

"कशाला एवढा इचार करताय," ती म्हणाली. "मी येत न्हाई."

ते म्हणाले, मग उद्या येतो न्यायला, सोमेशकडून काहीतरी करून आणतो. परवा म्हणालीस तर परवा.

"री," ती म्हणाली, "मी परत जायला आलेच नव्हते. ऱ्हायला आले. सोलापुरात सांगायचं धाडस झालं न्हाई. तुमी रोज त्या नरसय्याकडं जायचा, त्या पोराकडं जायचा, हौसेनं घरी येऊन गुपचूप बसायचा. मला काय कळत नव्हतं? कसं सांगणार मग."

सिद्धलिंगप्पांना वाटलं, आपण काहीतरी विचारायला हवं. जे सुचलं ते त्यांनी विचारलं. "माझं काय चुकलं का?"

"तुमचं काय चुकलंय. तुमच्याजवळ पन्नास वर्सं ऱ्हायले की. अण्णाजवळ किती? सतराच."

हा हिशोब बरोबर होता. त्यात कुठं हात घालावा हे त्यांना दिसेना. त्यांनी दारात उभ्या असलेल्या सिद्धेश्वरीकडं पाहिलं, ती तरी नाही म्हणेल म्हणून. सिद्धेश्वरी म्हणाली, "एकाला भरवते तितं दोघांना भरवीन, मामा. अण्णा आत्तीच्या हातनं जेवले, मला तेवढंच खूप." आणि तुम्हीही राहा की, असं तिनं आग्रहानं सांगितलं. पण अक्कम्मानंच मोडता घातला. जावई माणूस सासुरवाडीला मुक्कामी राहिला की त्याचं कौतुक संपतं. त्यांनी दर सोमवारी यावं.

"गुरवारी पण येऊ?" सिद्धलिंगप्पांनी विचारलं. उभ्या आयुष्यात व्यापारात त्यांनी पडत्या बाजूनं कधी बोलणी केली नव्हती.

"या," ती म्हणाली. आणि वर, "दूध उतू घालवू नका. गाडी सावकास चालवा."

निघताना ते तिच्या खाटेशी पुन्हा गेले, पण तिचा डोळा लागला होता. शिवपुत्र जागा होता. त्यानं यांच्याकडं पाहून हात जोडले, आणि सिद्धलिंगप्पांनीही जोडले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

गाडी गावाबाहेर पडली. शेजारची सीट रिकामी होती. पट्ट्याची दोन टोकं, एक वरून आणि एक खालून, लोंबत होती, आणि खाली सांडलेले तांदूळ प्रत्येक ब्रेकला पुढं सरकत आणि गिअर टाकला की मागं येत. वळसंगपाशी त्यांनी गाडी कडेला घेतली. रस्ता नीट दिसत नव्हता. तसा उजेड बराच होता.

फोन वाजला. श्रीदेवी होती. दुपारपासून लावतेय, लागत नव्हता, असं म्हणाली. सगळं नीट झालं ना?

"झालं," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "तुझे मामा जेवले. आईनं भरवलं."

"आणि पोचलात का घरी?"

"आई पोचली."

"म्हणजे? आणि तुम्ही, अप्पा?"

"मी अजून वळसंगला आहे," ते म्हणाले, आणि रस्ता आता किती चांगला झालाय ते तिला सांगत राहिले.